वाखरी ते महाद्वार
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा संक्षेप)



आषाढ शुद्ध नवमीला संतांच्या पालख्या वाखरीच्या तळावर एकत्र येतात. ज्ञानेश्वरांची पालखी आळंदीहून, तुकारामांची देहूहून, सोपानदेवांची सासवडहून, निवृत्तिनाथांची त्र्यंबकेश्वरहून, मुक्ताबाईंची खानदेशातून. वेळापूरच्या अलीकडे, जेथून तुकारामांना कळस दिसला अशी श्रद्धा आहे, तेथे वारकरी उतारावरून धावलेले असतात. अडीच आठवड्यांची चाल पायांत साठलेली असते. टाचा फुटलेल्या, बोटांना फडकी बांधलेली, पडशीतले पीठ संपत आलेले. पेरणी उरकून निघालेला शेतकरी गावाकडून येणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न विचारतो तो पावसाचा. आणि तरीही त्या रात्री तळावर थकव्यापेक्षा आतुरताच अधिक असते, कारण पंढरपूर आता अवघ्या दोन तासांच्या चालीवर असते.

या दोन तासांच्या चालीचा विचार समाजवादी कार्यकर्त्याने करावयास हवा. वारीच्या वाटेवरील समतेविषयी पुष्कळ लिहिले जाते आणि त्यातील बरेचसे खरेही आहे. वाटेवर कोणीही कोणाच्या पाया पडतो, लहान पोरालाही ‘माउली’ म्हणतो, पाटील आणि त्याच्याच शेतावरचा मजूर एका टाळाच्या ठेक्यावर पावले टाकतात. परंतु इरावती कर्वे यांनी वारीत चालून लिहिलेला ‘वाटचाल’ हा लेख ज्यांनी वाचला असेल, त्यांना हेही ठाऊक असेल की एकाच दिंडीत दिवसभर मिळून गाणारी माणसे जेवावयास मात्र जातीजातींप्रमाणे निरनिराळी बसत. त्या लेखाला पाऊणशे वर्षे होत आली. वाटेवरची समता ही चालण्यापुरती होती. मुक्काम आला की ती विरळ होत असे, आणि प्रवासाच्या अखेरीस, महाद्वारापाशी, तर ती थेट थांबविली जात असे.

महाद्वाराची पहिली पायरी नामदेवाची. तिच्या समोर, मंदिराच्या बाहेर, चोखामेळ्याची समाधी आहे. मंगळवेढ्यास कुसवाचे काम करीत असता भिंत कोसळून इतर मजुरांसह तो गाडला गेला, तो काळ १३३८चा मानला जातो. त्याच्या अस्थी नामदेवाने आणून येथे पुरल्या अशी परंपरा सांगते. एका वेठबिगार कामगाराची ही समाधी आहे, ही गोष्ट कीर्तनात क्वचितच सांगितली जाते. त्याच्यामागून सहाशे वर्षे त्याच्या जातीची माणसे शेकडो मैल चालून येत आणि त्याच्या समाधीपाशीच थांबत. चालण्याचा अधिकार सर्वांना होता, पोहोचण्याचा नव्हता.

साने गुरुजींनी बोट ठेवले ते नेमके या जागेवर. १९४६च्या कार्तिकीस प्राणांतिक उपोषण करण्याचा त्यांचा निश्चय होता. सेनापती बापट प्रभृतींच्या आग्रहावरून त्यांनी तो लांबणीवर टाकला आणि आधी महाराष्ट्रभर दौरा काढला. राष्ट्र सेवा दलाची मुले गाणी गात बरोबर होती. वाटेतल्या गावांत विहिरी आणि देवळे खुली होत होती. दौरा संपवून गुरुजी पंढरपुरास आले आणि १ मे १९४७ रोजी त्यांनी उपोषणास प्रारंभ केला. गावात त्यांना आसरा दिला तो तनपुरे महाराजांच्या मठाने, म्हणजे एका वारकरी कीर्तनकाराने, याची नोंद पुरोगाम्यांनी विशेष ठेवावी. गांधीजींकडे आरंभी चुकीची माहिती गेल्यामुळे त्यांचाही विरोध आला. गुरुजी डगमगले नाहीत. दहाव्या दिवशी मंदिर खुले करण्याचे आश्वासन मिळाले. दार उघडण्यापूर्वी काही सनातन्यांनी मूर्तीतील देवत्व घागरीतील पाण्यात काढून घेतले, असे सांगितले जाते. विषमतेला देवापेक्षा घागर प्रिय होती, एवढेच यावर म्हणता येईल.

मात्र या विजयाची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली सुरू झाला. पाच वर्षे दार उघडले नाही, तेव्हा १९३५ साली येवल्यास त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. पंढरपूरचे दार उघडले ते त्यानंतर बारा वर्षांनी. ज्यांच्यासाठी ते उघडले त्यांतील फार मोठा समाज तोवर त्या दाराकडे पाठ फिरवून निघाला होता, आणि १९५६ साली नागपुरास त्याने आपली वेगळी वाट धरली. गुरुजींचे उपोषण हे खरे म्हणजे सवर्णांच्या मनाचे दार उघडण्यासाठी होते आणि गुरुजींना ते पुरते ठाऊक होते. त्यांच्या मागून आलेल्यांनी त्याला दलितांवरील उपकाराचे रूप दिले, तो दोष गुरुजींचा नव्हे.

दार उघडल्यावरही गाभारा कोणाच्या ताब्यात, हा प्रश्न उरलाच. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क रद्द करणारा पंढरपूर मंदिरे अधिनियम १९७३ साली झाला. त्याविरुद्धचा दावा न्यायालयांच्या पायऱ्या चढत राहिला आणि सर्वोच्च न्यायालयाचा अखेरचा निर्णय जानेवारी २०१४ मध्ये लागला. चाळीस वर्षे! आळंदीचा वारकरी पंढरपुरास अडीच आठवड्यांत पोहोचतो. विधिमंडळाने केलेला कायदा गाभाऱ्यापर्यंत पोहोचावयास चाळीस वर्षे लागली. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी सर्व जातींच्या स्त्रीपुरुषांकडून अर्ज मागविले.

याच काळातील आणखी एक प्रकरण समाजवाद्यांना अवघड वाटते, म्हणूनच ते सांगितले पाहिजे. धर्मनिरपेक्ष राज्याच्या शासनाने एकादशीची महापूजा करू नये, या मागणीसाठी १९७०च्या सुमारास समाजवाद्यांनी आंदोलन केले आणि १९७१ साली शासकीय पूजा बंद राहिली. पुढल्या वर्षी महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला. पूजा मोडली म्हणून पाऊस गेला, अशी बोलवा उठली आणि १९७३ पासून पूजा पुन्हा सुरू झाली, ती आजतागायत चालू आहे. मागणी तत्त्वतः निर्दोष होती. परंतु ती सचिवालयाला ऐकू गेली, वाखरीच्या तळावर तिची चर्चा कोणी केली नाही. शासनाची पूजा बंद होणे म्हणजे वारकऱ्याच्या रांगेतला अडथळा दूर होणे, हे त्याला त्याच्या भाषेत सांगता आले असते. पहाटे मंत्र्यांची पूजा चाललेली असते तेव्हा रात्रभर तिष्ठणारी रांग बाहेर उभीच असते. त्या रांगेतले एक जोडपे मानाचे वारकरी म्हणून आत घेतले जाते आणि त्यांचे छायाचित्र सर्वत्र छापून येते. बाकीचे कित्येक जण कळसाचे दर्शन घेऊन, नामदेव पायरीला हात लावून परततात, आणि तक्रार करीत नाहीत. त्यांच्या या समाधानाचे कौतुक ओळखपत्रावर आत जाणाऱ्यांनी करू नये.

एकादशीनंतरचे पंढरपूर फार थोडे लोक पाहतात. लाखो माणसे जेथे चार दिवस राहिली, तेथली घाण कोण काढतो? चंद्रभागेच्या वाळवंटातील मैला हाताने उचलावा लागे आणि उचलणारे कोणत्या जातीचे, हे सांगण्याची गरज नाही. ही प्रथा बंद करणारे कायदे १९९३ आणि २०१३ साली झाले. तरी पंढरपूरचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे न्यावा लागला. त्यानंतर वाळवंटातील तंबूंवर निर्बंध आले, पैलतीरावरील पासष्ट एकरांच्या जागेत दिंड्यांची सोय झाली, शौचालये वाढली. स्त्रियांचा त्रास काहीसा कमी झाला. ज्यांनी हे न्यायालयात नेले त्यांच्यावर परंपरेत ढवळाढवळ केल्याचा आरोप झाला. पहाटे अंधारात आडोसा शोधणाऱ्या म्हाताऱ्या वारकरणीला मात्र कोणी विचारले नव्हते.

काम उरले आहे ते येथे. पालिकेचे कायम सफाई कामगार किती आणि यात्रेपुरते ठेकेदाराकडून आणलेले किती. त्यांना रोज काय मिळतो आणि कोणाच्या हातून. हातमोजे आणि बूट कागदावर दिले जातात की प्रत्यक्ष. रात्री ते निजतात कोठे. ही माहिती पंढरपुरात चार दिवस राहिल्याने मिळत नाही. पौर्णिमेला गोपाळपुरास काला होतो, पालख्या परत फिरतात आणि त्यांच्याबरोबर मोजकीच माणसे उरतात, कारण बाकीची एसटीने घर गाठतात. सफाई कामगारांच्या कामाला खरा भर येतो तो त्याच वेळी. दशमीला दिंडीत सामील होऊन एकादशीच्या संध्याकाळी परतणाऱ्या कार्यकर्त्याने पुढल्या आषाढीस पौर्णिमेनंतरचे आठ दिवस मोकळे ठेवावेत आणि हजेरीपटाची वही बरोबर न्यावी.