शांती म्हणजे गप्प बसणे नव्हे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला, ‘रोजच्या जीवनातील शांती व अहिंसा, आणि ख्रिस्ती धर्माची शिकवण’. विषय ऐकून मी जराशी बिचकलेच. मी काही धर्मशास्त्र शिकलेली बाई नव्हे. आजोबा नगरकडून गिरणीत कामाला आले, तेव्हापासून आमचे घर परळचे. चाळीत वाढले, चाळीतच संसार केला आणि शाळेत मुलांना चार अक्षरे शिकवली. तेव्हा मोठमोठ्या गोष्टी सांगण्यापेक्षा माझ्या हातून घडलेली एक चूकच आज आपल्यापुढे मांडते.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. लालबाग-परळच्या घराघरांतून त्या संपाने काय केले, ते इथल्या वडीलधाऱ्या बायकांना सांगायला नको. पुष्कळांनी भाजीची पाटी डोक्यावर घेतली, कोणी गावी गेले, कोणी मिळेल ते काम करून अब्रूने दिवस काढले. पण काही घरांत दारू शिरली. आमच्या समोरच्या खोलीतल्या वहिनींच्या घरी तेच झाले. रात्री भांडी आदळल्याचा आवाज यायचा, मग रडणे, मग सगळे चिडीचूप. आम्ही सगळ्या आपापली दारे लावून घेत असू. नवराबायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये, ही आपल्याकडची जुनी समजूत.

एके दिवशी वहिनी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “बाई, तुमच्या धर्मात क्षमेला फार मोठे मानतात म्हणे. तुम्हीच सांगा, मी काय करू?” मी त्यांना एका गालावर मारले तर दुसरा पुढे करण्याची शिकवण सांगितली. म्हटले, “सोसा. देव सगळे पाहतो आहे.” असे सांगताना मला फार बरे वाटले, हेही कबूल करते. आपण काहीतरी पुण्याचे बोललो, असे वाटले.

दोन महिन्यांनी वहिनी के. ई. एम. मधून हाताला प्लास्टर घालून आल्या. माझ्या दारात क्षणभर थांबल्या. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “बाई, तुम्ही सांगितलेत तसेच केले हो.”

भगिनींनो, ते शब्द आजही माझ्या कानांतून गेलेले नाहीत.

त्या रात्री मी शुभवर्तमान पुन्हा उघडले आणि योहानाचा अठरावा अध्याय वाचला. हजारदा ऐकलेली कथा. प्रभू येशूला पकडून महायाजकापुढे उभे केले आहे. तिथला एक शिपाई त्याला चपराक मारतो. आता येशूने काय केले? त्याने उलट हात उचलला नाही. त्याच्यासाठी तलवार उपसणाऱ्या पेत्रालाही त्याने आधीच ती म्यान करायला लावली होती. पण तो गप्पही बसला नाही. मी चुकीचे बोललो असेन तर चूक दाखव, आणि बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस, असे त्याने त्या शिपायाला सरळ विचारले. एवढी वर्षे देवळात बसून मी ही गोष्ट ऐकली, पण हा प्रश्न माझ्या कानांवरून गेला होता!

मग मत्तयाच्या पाचव्या अध्यायातले डोंगरावरचे प्रवचन काढले. तिथे येशूने धन्य म्हटले आहे ते शांती करणाऱ्यांना. शांत बसणाऱ्यांना नव्हे. भाकरी आपोआप होत नाही, करावी लागते, हात भाजतात. शांतीचेही तसेच आहे. आणि दुसरा गाल पुढे करण्याची जी शिकवण आहे, तिच्यात उजव्या गालाचा उल्लेख आहे. काही अभ्यासक सांगतात की, समोरच्याच्या उजव्या गालावर उजव्या हाताने मारायचे तर हाताची मागची बाजूच लागते, आणि तशी थप्पड मालक नोकराला अपमान म्हणून मारीत असे. दुसरा गाल पुढे करणारा न मारता एवढेच सांगतो की, मी तुझा गुलाम नाही, माणूस आहे. दुबळ्याने मुकाट मार खात राहावा, असा त्याचा अर्थ मी केला, तो माझा दोष.

पुढच्या वेळी आवाज आला तेव्हा मी दार उघडले. शेजारची दारेही वाजवली. आम्ही पाच जणी वहिनींच्या दारात जाऊन उभ्या राहिलो. कोणी शिवी दिली नाही, कोणी हात लावला नाही. आमच्यातल्या सर्वांत वृद्ध आजी त्या गृहस्थाला म्हणाल्या, “बाबा, आम्ही भांडायला आलो नाही. हिला आज आमच्याकडे नेतो. शुद्धीवर आलास की बोलू.” वहिनी त्या रात्री माझ्याकडे निजल्या, मग महिनाभर भावाकडे राहिल्या. परत आल्या त्या आपली अट घालून. तो माणूस एका दिवसात देवमाणूस झाला, असे मी सांगणार नाही. पण हात उचलणे थांबले. दार वाजवणारे कोणी आहे, हे त्याला कळले होते.

आपल्या या मुंबईतच एका थोर बाईने हे पुष्कळ आधी ओळखले होते. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी चौपाटीजवळ शारदासदन उघडले. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. रमाबाईंनी दुःखी बायकांना धीर धरा एवढेच सांगितले नाही. त्यांना छप्पर दिले, अक्षर दिले, पोट भरण्याची विद्या दिली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो निराधार मुलीबायकांना केडगावला आणले. त्यांच्यावर टीका काय थोडी झाली? त्यांनी आपले काम सोडले नाही. याला मी अहिंसा म्हणते.

आणि गावदेवीचे मणिभवन तर आपल्या गिरगावकरांच्या शेजारचेच. डोंगरावरचे प्रवचन गांधीजींना विलायतेत शिकत असतानाच भिडले होते. नोव्हेंबर १९२१ मध्ये ब्रिटिश युवराजाच्या भेटीच्या दिवशी मुंबईत दंगल उसळली. पारशी आणि ख्रिस्ती लोकांवर हल्ले झाले, आणि ते करणारे गांधीजींचाच जयजयकार करीत होते. तेव्हा गांधीजींनी दोष दुसऱ्यावर ढकलला नाही. स्वतः उपास आरंभला आणि सर्व समाजांचे पुढारी एकत्र बसले तेव्हाच तो सोडला. १९९२-९३ च्या दंगलींनंतरही जुलिओ रिबेरो, सतीश सहानी, सुशोभा बर्वे अशा मंडळींनी मोहल्ला समित्या उभ्या करून शेजाऱ्यांना पुन्हा बोलते केले. दार वाजवण्याचेच ते मोठे रूप.

आज आपल्या मदतीला कायदाही आहे. घरातील हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. मारहाण थांबवण्याचा हुकूम न्यायालयाकडून मिळतो, आणि बाईला राहत्या घरातून हुसकावता येत नाही. अडल्या वेळी ११२ क्रमांक फिरवावा. पण न्यायालय सकाळी उघडते, आणि रात्रीची हाक ऐकू येते ती शेजारणीलाच. आता पुष्कळ चाळींच्या जागी उंच इमारती झाल्या. दारे जाड झाली, लॅच आले. म्हणून माझी विनंती एवढीच, की मंडळाच्या प्रत्येक सभासदाने आपल्या मजल्यावरच्या घरांची ओळख ठेवावी. हाक आली तर एकटीने जाऊ नये, चौघींनी जावे, पण जावे.

आणि स्वतःकडेही पाहावे. मुलावर उगारलेला आपला हात, सुनेला मारलेला टोमणा, मोलकरणीशी वापरलेला सूर, हीही हिंसाच. मी स्वतः कपडे वाळत घालण्याच्या दोरीवरून एका शेजारणीशी दोन वर्षे अबोला धरला होता. शेवटी एका नाताळात करंज्यांचे ताट घेऊन मीच गेले. ती काही बोलली नाही. पण आपल्याकडे दुसऱ्याचे ताट रिकामे परत करीत नाहीत. संक्रांतीला ते ताट तिळगूळ घेऊन माझ्या दारी आले. त्यानंतर ते ताट नक्की कोणाचे, हेच आम्ही दोघी विसरून गेलो.

आपल्या मंडळातूनही अशी ताटे घरोघर फिरत राहोत, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेते.