पान्हा आणि सुई



लोणी काळभोरच्या सभेत दुधाविषयी बोलणे म्हणजे सोनारापुढे सोन्याची पारख सांगण्यासारखेच आहे. तरीही एक प्रश्न घरोघरी विचारला जातो, म्हणून हे धाडस करतो. पान्ह्यासाठी म्हशीला जे इंजेक्शन टोचतात, त्यामुळे ते दूध पिणाऱ्या आमच्या मुली लवकर वयात येतात काय?

त्या औषधाचे नाव ऑक्सिटोसिन. ते वाढीचे संप्रेरक नव्हे. कासेत तयार असलेले दूध ते फक्त खाली उतरविते. नऊ अमिनो आम्लांची ही लहानशी साखळी डू व्हिन्यो यांनी प्रयोगशाळेत घडविली आणि १९५५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तात ती काही मिनिटेच टिकते, पोटात गेली तर पचून जाते. तेव्हा मुलींच्या बाबतीतला हा आरोप शास्त्राच्या कसोटीला उतरत नाही.

मग सारे निर्धोक आहे काय? मुळीच नाही! दोष पेल्यात नाही, गोठ्यात आहे. सुई हाताशी असली, की रेडकू जगविण्याची निकड उरत नाही. आणि हेच औषध गर्भाशयही आकुंचित करीत असल्यामुळे म्हशीला त्याचा त्रास सोसावा लागतो. पूर्वी हेच काम फुंक्याने करीत. १९१२ साली गांधीजींनी दूध सोडले, त्यामागे गवळीवाड्यांतील अशा छळाची हकीकत हेही एक कारण होते. १९६० च्या कायद्याने फुंका आणि जनावरास अपाय करणारी अशी इंजेक्शने, दोन्ही गुन्हा ठरविली.

अमेरिकेने १९९३ साली दूध वाढविणाऱ्या खऱ्या वाढ-संप्रेरकास मान्यता दिली. कॅनडाने १९९९ साली ते नाकारले, ते गाईच्या प्रकृतीसाठी; त्याने दगडी आणि लंगडेपणा वाढतो म्हणून. दगडी झाली, की प्रतिजैविके आली. आणि नियम न पाळता काढलेल्या दुधातून त्यांचा अंश आपल्या घरी आला. जनावराचे दुखणे माणसापर्यंत पोचते ते असे.

चुकीच्या जागी रोख धरला, की भलत्यालाच इजा होते. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबविणारे औषधही हेच ऑक्सिटोसिन. २०१८ साली सरकारने खाजगी कारखान्यांना देशातील विक्रीसाठी ते करण्यास मनाई केली. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

दूध सुईवाचून वाढते, याचा दाखला शेजारीच आहे. १९४६ साली गांधीजी उरुळी कांचनला आले. तेथे राहिलेल्या मणिभाई देसाईंनी १९६७ साली बाएफ ही संस्था स्थापिली आणि सुधारित पैदाशीच्या गाई शेतकऱ्यांच्या दारी नेल्या.

उद्या गवळी आला, की दूध पातळ का, एवढेच विचारू नका. रेडकू कसे आहे, तेही विचारा.