जुन्या रिमोटची पारख

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मॉडेल विमान म्हटलं की डोळ्यांपुढे पंख येतात, नाकावरचा पंखा येतो. उडवणाऱ्याच्या हातातल्या पेटीकडे कुणी फारसं बघत नाही. गंमत अशी, की विमान आदळतं, मोडतं, संपतं. पेटी मात्र माळ्यावर शाबूत राहते. म्हसवडला माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. पुण्यात शिकत असताना एनसीसीच्या हवाई विभागात मला या विमानांचा नाद लागला. हे गावाला ठाऊक असल्यामुळे अशी पेटी कुठे निघाली की ती माझ्या टेबलावर येते.

माणसारख्या दुष्काळी तालुक्यात या वस्तू येतात कुठून, असं तुम्हाला वाटेल. आपल्याकडची, विशेषतः आटपाडी-खानापूर भागातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. रेडिओच्या सामानातल्या काही पिनांवर सोन्याचा मुलामा असतो, हे त्यांना माहीत. एखाद्या शहरातला हौशी माणूस जातो, घरचे त्याचं सामान भंगारात देतात, तिथून ते गलाईवाल्याकडे येतं आणि दिवाळीला त्याच्या पिशवीतून गावी. सोनं म्हणाल तर एका पेटीतून गुंजभरही निघायचं नाही. पण ती वितळली की काय होती हे कायमचं गेलं.

पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'चालतंय का?' मी म्हणतो, आधी ओळख, मग वीज. जुन्या ट्रान्समीटरमध्ये बहुधा निकेल-कॅडमियमचे आठ सेल, म्हणजे 9.6 व्होल्ट. विमानात बसणाऱ्या रिसीव्हरला चार सेल, 4.8 व्होल्ट. आजची दोन सेलची लिथियम बॅटरी पूर्ण भरली की 8.4 व्होल्ट देते. ती जुन्या रिसीव्हरला जोडली की धूर निघेल. पिशवीत सापडलेले सेल पांढरी-हिरवी बुरशी धरून बसलेले असतील, तर तो क्षार तारेच्या आतपर्यंत गेलेला असतो. वरून तार चांगली दिसते, सोलली की काळी.

मग पेटीचं तोंड बघायचं. एकच बटण, खटक्यांची रांग, की दोन दांड्या?

रेडिओने यंत्र चालवून दाखवलं ते निकोला टेस्लाने, 1898 साली न्यूयॉर्कमध्ये, एका छोट्या बोटीवर. विमानाला ते जमायला बराच काळ गेला. अमेरिकेतल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी 1937 साली 'गफ' नावाचं मॉडेल रेडिओवर उडवलं. ते आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्यानंतरचा बराच काळ एका बटणाचा. विमानात रबराची पिळलेली दोरी आणि घड्याळात असते तशी एस्केपमेंट. बटण दाबलं की सुकाणू उजवीकडे, सोडलं की मध्ये, पुन्हा दाबलं की डावीकडे. मागचं वळण कुठलं होतं हे उडवणाऱ्याने लक्षात ठेवायचं! विसरला की विमान शेजारच्या गावात. अशा पेटीत व्हॉल्व्ह दिसले तर ती फार जुनी समजा आणि हात जपून लावा, त्यांना जास्त व्होल्टची बॅटरी लागत असे.

आता खटक्यांची गोष्ट, कारण घोळ इथेच होतो. आटपाडीकडचे एक गलाईवाले अशी पेटी घेऊन आले. सोबत कॉलेजात जाणारा पुतण्या. भंगारवाल्याने सांगितलं होतं, 'दहा चॅनेलची आहे.' पोराने हिशेब केला, आजच्या दहा चॅनेलला किती पैसे पडतात, आणि विमान बांधायला घेतलं. सिद्धनाथाच्या रथाच्या यात्रेत उडवायचं, असा बेत. मी रिसीव्हर उघडला. आत कंगव्यासारखी पोलादी पट्ट्यांची ओळ, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा थोडी आखूड. भजनातल्या पेटीचे रीड बघितलेत ना, तोच प्रकार. ट्रान्समीटर जो सूर पाठवतो, तेवढ्याच सुराची पट्टी थरथरते, तिचं टोक टेकतं आणि मोटार फिरते. उजवीकडे एक सूर, डावीकडे दुसरा. म्हणजे दहा चॅनेल म्हणजे कामं पाचच! शिवाय सुकाणू वळलं तर पूर्ण वळणार, थोडंसं वळव म्हणायची सोय नाही. त्या काळचे लोक खटका टिचक्या मारल्यासारखा वापरत. ती कला वर्षानुवर्षांच्या सरावाची.

पोराला ते पटेना. म्हणाला, 'काका, लागतंय की सगळं, मोटार फिरतीय.' टेबलावर फिरते, खरं आहे. पण तीन किलोचं विमान यात्रेच्या गर्दीवर असताना एक पट्टी सुरातून उतरली, तर ते कुणाच्या तरी डोक्यात येणार. चुलत्यांना हे लगेच कळलं. सोन्याचा कस लावणाऱ्या माणसाला वरचा रंग आणि आतला धातू यांतला फरक सांगावा लागत नाही. पोराने विमान बांधलं, पण त्यात नवा सेट घातला आणि गावापासून लांब माळावर उडवलं. रीडची पेटी वितळली नाही, एवढं मला बरं वाटलं.

दोन दांड्या असतील तर 1960च्या दशकातला किंवा नंतरचा सेट. दांडी जेवढी हलवाल तेवढंच सुकाणू हलतं. यात अमेरिकेतल्या फिल क्राफ्टचं नाव मोठं. 1967चा जागतिक विजेता तोच आणि पेट्या बनवणाराही तोच. वर्ष काढायचं तर नावापेक्षा आतल्या आयसी बघाव्यात. त्यांवर चार आकडे असतात. 7832 म्हणजे 1978 सालचा बत्तिसावा आठवडा. पेटी त्याच्या आधीची नसणार, फक्त दुरुस्तीत बदललेला भाग नाही ना, हे पाहायचं. सर्व्होच्या तारा मोजायच्या: तीन असतात, चार असतील तर बॅटरीच्या मधूनही एक तार काढलेली जुनी रचना. तीन असूनही क्रम प्रत्येक कंपनीचा सारखा नसतो. पिन बसली म्हणजे जमलं असं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाची फ्रीक्वेन्सी. सांगली केंद्र आपण 1251 किलोहर्ट्झवर ऐकत आलो, म्हणजे सुमारे 240 मीटरची लहर. विमानांच्या जुन्या पेट्या 27 मेगाहर्ट्झच्या, लहर 11 मीटर, म्हणून हातभर लांब होणारी एरियल. एरियल बोटाएवढीच असेल तर पेटी 2.4 गिगाहर्ट्झची, अलीकडची. 27 मेगाहर्ट्झमध्ये सहा जागा होत्या आणि प्रत्येकीला रंग: तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. आमच्यासारख्या मेकॅनिकला हा क्रम पाठच असतो, रेझिस्टरवरच्या पट्ट्यांचा एक ते सहा हाच. त्या रंगाची फीत एरियलला बांधायची, म्हणजे मैदानावर दुसऱ्याने त्याच रंगावर पेटी चालू करायची नाही. केली तर पहिल्याचं विमान खाली. मूळ फीत पेटीवर असेल तर ती मळकी म्हणून फेकू नका.

क्रिस्टल जोडीने असतात, आणि जोडीवर एकच आकडा नसतो. पिवळ्याच्या ट्रान्समीटरवर 27.145, तर रिसीव्हरवर 26.690 असू शकतो. मधला फरक 455 किलोहर्ट्झचा. हे माहीत नसल्यामुळे लोक चांगली जोडी 'चुकीची' म्हणून मोडतात. आकडा 72चा असेल तर पेटी बहुधा अमेरिकेची किंवा जपानची, 35चा असेल तर युरोपची. आपल्याकडे बिनतारी यंत्र जवळ ठेवायलाही 1933च्या कायद्याने परवाना लागत असे. 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी 2005 साली परवानामुक्त झाला. वरचे सहाही रंग त्यात बसतात. इतर आकड्यांच्या पेट्या मी उघडून बघतो, पण चालू करत नाही.

परवान्याच्या त्या जमान्याचा एक फायदा असा, की जुन्या पेटीत कागद सापडतात. एकीत स्पंजच्या खाली शाळेच्या वहीचं पान निघालं. पेन्सिलीने तारखा, वारा कसा होता, किती मिनिटं उडालं. शेवटच्या ओळीत, 'डावीकडे अडकतं, सर्व्हो बघणे.' मी सर्व्हो उघडला, गिअरचा एक दात गेलेला होता. कागद पेटीतून वेगळे करू नका. आणि कागद नसेल तर आपण एक चिठ्ठी घालावी: कुठून आली, कोणी दिली, आकडा काय, रंग कुठला, आणि आपण आत काय बदललं.