ज्या घरी चांदणी नाही

नाताळ आला की आमच्या नगर भागातल्या गटात ख्रिस्ती घरी करंज्या होतात, दारात चांदणीचा कंदील लागतो. यंदा एका ताईच्या दारात कंदील नव्हता. पावसाळ्यात तिचे मालक गेले. "एवढी प्रार्थना केली, तरी गेले. आता चर्चला कशाला येऊ?" ती म्हणायची.

आम्ही तिला उपदेश केला नाही. नाताळच्या आदल्या रात्री तिच्याच ओट्यावर बसलो. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली वारले, पण त्यांची भजनं आजही म्हटली जातात. टाळ घेऊन तीच म्हटली. मग लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचला. मरीयेला उतरायला जागा मिळाली नाही, बाळाला गव्हाणीत निजवलं. बातमी पहिली कळली ती रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना.

ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे देव अडचणीच्या घरीपण येतो." त्या रात्री ती शांत झोपली. सकाळी आमच्याबरोबर उपासनेला आली.

तिचं दुःख आहेच. पण प्रार्थना पुन्हा सुरू झाली आहे. मैत्रिणींनो, नाताळला ज्या घरी चांदणी नसेल, तिथं आपण आधी जाऊ या.