पत्रकारितेच्या पदवीचा जमाखर्च



सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक, मेडीगड्डाच्या बंधाऱ्यामुळे सिरोंच्याच्या शेतात चढलेले पाणी, तेंदूपत्त्याचे लिलाव, पर्लकोटेला पूर आला की जगापासून तुटणारे भामरागड, गडचिरोलीच्या अशा बातम्यांच्या मुलखात जे मूल वाढते, त्याला शिक्षणाच्या कोणत्यातरी टप्प्यावर आपण पत्रकार व्हावे असे वाटले, तर त्यात नवल नाही. नवल वाटते ते याचे, की अहेरी-आलापल्लीच्या पालकांना अशा वेळी ‘नोकरी लागेल का?’ एवढी एकच चौकशी सुचते, आणि नोकरी लागल्यावर कर्जाचा हप्ता वजा जाता हातात काय उरेल, हा त्याहून निकडीचा प्रश्न बँकेच्या कागदांवर सह्या होऊन गेल्यानंतर पुढे येतो. आज तो आधी विचारून पाहू.

पहिली गोष्ट ही, की या पदवीला सनदेचे सामर्थ्य नाही. वकिलाला बार कौन्सिलची सनद लागते, औषधविक्रेत्याला नोंदणी लागते. पण वृत्तपत्रात लिहिण्यास अमुक पदवी पाहिजे, असा कायदा आपल्याकडे नाही. प्रेस कौन्सिलचे तत्कालीन अध्यक्ष न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी २०१३ साली पत्रकारांसाठी किमान अर्हतेची कल्पना मांडली, तिच्यावर पुष्कळ वादंग माजले, कायदा मात्र झाला नाही. तो झाला नाही हे बरेच झाले, असे मला वाटते. इतिहास शिकलेल्या पी. साईनाथांनी ज्या देशात ग्रामीण वार्तांकनाचा मानदंड उभा केला, तेथे असे कुंपण घालण्यात शहाणपण नव्हते. परंतु या मोकळीकीची दुसरी बाजू अशी, की पदवीधराला त्याच्या पदवीपायी जादा पगार देण्याचे कोणतेही बंधन वृत्तपत्राच्या मालकावर राहत नाही, आणि त्याच खुर्चीसाठी मराठी वा राज्यशास्त्राचा साधा बी.ए. झालेला मुलगाही दारात उभा असतो.

पत्रकारितेला पदवी लागत नाही आणि नुसत्या वृत्तपत्रावर घर चालत नाही, याला इतिहासही साक्ष आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांचा चरितार्थ अध्यापनावर चालला. टिळकांनी ‘केसरी’ कर्जासकट आपल्या अंगावर घेतला, तेव्हा त्यांच्या घरखर्चाला आधार होता तो कायद्याच्या वर्गांचा. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात अमेरिकन प्राध्यापक रोलंड वुल्सली यांनी पत्रकारितेचा विभाग उभा केला तो १९५२ साली, म्हणजे मराठी वृत्तपत्राने शंभरी ओलांडल्यावर.

आता जमेची बाजू. आणि त्यासाठी तालुक्याच्या वार्ताहराची आमदनी जवळून पाहण्यासारखी आहे. त्याला बहुधा नेमणूकपत्र नसते, गळ्यात अडकवायचे ओळखपत्र असते. दरमहा जे मिळते त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात, आणि ते कित्येकदा मोटारसायकलच्या पेट्रोललाही पुरत नाही, कारण एटापल्लीपलीकडच्या एखाद्या पाड्यावरून एक बातमी आणायची तर अख्खा दिवस मोडतो. उरलेली मिळकत जाहिरातींच्या कमिशनची. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, दिवाळी आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस या पर्वांना पुरवण्या निघतात. त्यांच्यासाठी ठेकेदार, संस्थाचालक, व्यापारी यांच्याकडे खेटे घालून जाहिराती गोळा करायच्या, वसुलीही आपणच करायची, आणि बिल थकले तर ती बाकी आपल्याच नावावर चढायची. ज्या ठेकेदाराच्या रस्त्याची खडी पहिल्या पावसात उखडली, त्याच्याच बैठकीत शुभेच्छांच्या पाव पानासाठी ताटकळत बसलेल्या माणसाने त्या खडीची बातमी कशी लिहावी, याचे उत्तर कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. म्हणून ज्याला ताठ मानेने लिहायचे असते, तो झेरॉक्सचे दुकान, विम्याची एजन्सी किंवा धानाची शेती हाती ठेवून असतो.

शहरातील संपादकीय विभागाची स्थिती थोडी बरी. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी केंद्र सरकारने ११ नोव्हेंबर २०११ रोजी अधिसूचित केल्या, सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१४ रोजी त्या वैध ठरवल्या, आणि १९ जून २०१७च्या निकालात कंत्राटी पत्रकारांनाही त्यांचा लाभ आहे असे स्पष्ट केले. तरीही निकाल आणि वेतनपत्रक यांचा मेळ घालण्यासाठी कित्येकांना कामगार न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

आता नावेची बाजू. समजा, पुण्या-मुंबईच्या एखाद्या खासगी संस्थेतील दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी शुल्क, खोली आणि खाणावळ मिळून पाच लाखांचे कर्ज काढले, दोन वर्षांत निम्मे-निम्मे उचलले, आणि व्याज दसादशे दहा आहे. अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्ष हप्ता मागत नाहीत, ही सवलत खरी. पण व्याज पहिल्या उचलीपासून चालू असते, आणि सरळव्याजाने धरले तरी पहिला हप्ता भरण्यापूर्वीच पाचाचे सव्वासहा लाख झालेले असतात. ते दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे ८,२६० रुपयांचा बसतो आणि एकूण परतफेड दहा लाखांच्या घरात जाते. नागपुरात नव्या उपसंपादकाच्या हाती अठरा हजार पडतात असे धरले, तर हप्ता जाऊन पावणेदहा हजार उरतील. त्यातच भाडे, मेस आणि घरी पाठवायचे पैसे.

तारणाचा मुद्दा आपल्या भागात विशेष आहे. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांवर लागते. आणि २००६च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा वारसाने पुढे जात असला तरी त्याचे हस्तांतरण होत नाही, म्हणून बँकेला तो तारण म्हणून उपयोगाचा नाही. मोठे कर्ज त्यामुळे अडते, आणि शेत वाचते.

महागड्या पदवीचा हा पेच केवळ आपला नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील पत्रकारितेची शाळा जोसेफ पुलित्झर यांच्या देणगीतून १९१२ साली उघडली. आज तेथे एका वर्षाचा खर्च लाख डॉलरांच्या वर जातो. त्याच विद्यापीठात १९१३ साली डॉ. आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर दाखल झाले, अर्थशास्त्र शिकले, आणि १९२० साली ‘मूकनायक’ काढला तो शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या साहाय्याने.

मग गरिबाच्या मुलाने या वाटेला जाऊच नये काय? तसे झाले तर आपल्या जंगलाच्या बातम्या कायम बाहेरून आलेला माणूस दुभाष्याच्या मदतीने लिहीत राहील, आणि ते नुकसान रुपयांत मोजता येणार नाही. अहेरीच्या मुलीला माडिया, तेलुगू आणि मराठी या तिन्ही भाषा येत असतात, ग्रामसभेचा ठराव कसा होतो हे ती लहानपणापासून पाहत आलेली असते. हे भांडवल महागड्या संस्थेत विकत मिळत नाही. छत्तीसगडमध्ये २०१० साली सुरू झालेल्या ‘सीजीनेट स्वरा’ने साध्या फोनवरून गोंडी बोलणाऱ्यांच्या बातम्या ऐकवल्या, त्या याच भांडवलावर. त्या मुलीला पदवी हवीच असेल, आणि जिल्हा माहिती अधिकाऱ्याच्या पदासाठी किंवा पुढे प्राध्यापकीसाठी ती उपयोगी पडतेच, तर गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ अथवा नागपूर विद्यापीठ यांच्या जनसंवाद विभागांची चौकशी आधी करावी. शासकीय वसतिगृह आणि शिष्यवृत्तीचे अर्ज मुदतीत गेले, तर कर्जाची गरज पुष्कळ आटते.

तरीही उणे पडलेच, तर माझा ठोकताळा असा आहे, की कर्ज पहिल्या वर्षाच्या अपेक्षित पगाराहून अधिक होऊ देऊ नये. वरच्याच हिशेबाने दोन लाखांच्या कर्जाचा हप्ता सुमारे ३,३०० रुपये होतो, आणि अठरा हजारांत तो भागतो. शिवाय शिक्षण चालू असतानाच व्याज भरत गेल्यास, म्हणजे पहिल्या वर्षी महिन्याला आठशे-साडेआठशे आणि नंतर त्याच्या दुप्पट, पुष्कळ बँका दरात एक टक्क्यापर्यंत सूट देतात. ती सूट अर्ज करतानाच शाखाधिकाऱ्यांकडे मागावी आणि मंजुरीपत्रात लिहून घ्यावी.