मलम लावा, पण वेळ पाहून

देवळा तालुक्यात उन्हाळ कांद्याची काढणी सुरू झाली, की मूळव्याधीचे ऑपरेशन पुढे ढकलले जाते. "कांदा चाळीत पडू द्या, डॉक्टर, मग बघू," असे रुग्ण म्हणतात. खोलात विचारले, की खरे कारण कळते. ऑपरेशननंतरच्या दुखण्याची धास्ती!

ही धास्ती अगदीच खोटी नाही. आतल्या कोंबांच्या जागी वेदना फारशी कळत नाही. पण गुदद्वाराच्या कडेची त्वचा फार नाजूक असते. ऑपरेशनची जखम तिथवर येते आणि तिथला स्नायू आवळला जातो. म्हणून पहिल्या शौचाच्या वेळी कळ येते.

अशा वेळी बधिर करणारे मलम कामी येते. त्यात बहुधा लिग्नोकेन असते. स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी ते १९४३ मध्ये तयार केले. वेदनेचा निरोप मेंदूकडे नेणारी मज्जातंतूची वाट ते थोडा वेळ अडवते. काही मिनिटांत गुण येतो, पण तो फार वेळ टिकत नाही. म्हणून शौचाला जाण्याच्या थोडे आधी मलम लावावे. नंतर टबातल्या कोमट पाण्यात १०-१५ मिनिटे बसावे, जागा हलक्या हाताने टिपून कोरडी करावी आणि डॉक्टरांनी सांगितले असेल तर पुन्हा लावावे.

जास्त लावले म्हणजे जास्त आराम, असे मात्र नाही. उघड्या जखमेतून औषध रक्तात जाते. ओठांभोवती मुंग्या, कानात आवाज, चक्कर असे काही जाणवले तर मलम थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा. स्नायू सैल करणारे डिल्टियाझेमचे मलम वेगळे. दोन्ही ट्यूब दिल्या असतील तर कोणती कधी लावायची, ते विचारून घ्या. शेजाऱ्याची उरलेली ट्यूब तर नकोच. तिच्यात स्टेरॉइड असेल तर जखम भरायला वेळ लागतो.

सगळ्यांत वाईट म्हणजे दुखेल म्हणून जेवण तोडणे आणि शौच रोखणे. मळ खड्यासारखा होतो आणि दुखणे दुप्पट होते. भरपूर पाणी प्या, पालेभाजी खा, सांगितले असेल तर इसबगोल घ्या. वेदनेच्या गोळ्याही वेळेवर घ्या. एकट्या मलमाने भागत नाही.

आणि भगिनींनो, लाजेपोटी गप्प राहू नका. दुखणे हळूहळू उतरायला हवे. ते वाढत गेले, ताप आला, लघवी अडली किंवा खूप रक्त गेले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. कांदा चाळीत थांबू शकतो, रक्तस्राव थांबत नाही.