मोमो, मोदक आणि वरणफळे
(कांदिवली येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



शाळा सुटल्यावर कांदिवली स्थानकाच्या बाजूस जाणाऱ्या मुलांच्या हाती आजकाल मोमोची बशी दिसते. ‘मोमो खाऊ नका’ असा उपदेश आपल्यापैकी पुष्कळांनी वर्गात केला असेल. तो मुले ऐकत नाहीत, हे एक. आणि तो पुरता बरोबरही नाही, हे दुसरे. पिठाच्या पारीत सारण भरून उकडणे, अथवा पिठाचे तुकडे रसात शिजविणे, ही रीत जशी तिबेट-नेपाळची तशीच आपलीही आहे. उकडीचे मोदक, नागपंचमीची पुरणाची दिंडे, कुळथाचे शेंगोळे, वरणफळे ही सारी त्याच कुळातील. असा पदार्थ मुलांच्या नित्याच्या आहारात बसतो काय? माझ्या मते बसतो. मात्र पीठ कशाचे आणि सोबत काय, हे पाहिले पाहिजे.

उकडलेले ते पौष्टिक, अशी एक समजूत आहे. वाफेने तेल वाचते. पिठात जे मुळातच नाही ते वाफ कोठून आणणार? मोमोची पारी बहुधा मैद्याची असते. मैदा करताना गव्हाचा कोंडा व अंकुर निघून जातात आणि त्यांबरोबर तंतू, लोह व ब-जीवनसत्त्वे यांचा मोठा भाग जातो. आत नुसता कोबी असेल तर प्रथिनेही थोडीच. पोट भरते, आणि घरी गेल्यावर मूल वरणभाताच्या ताटावरून उठते. खरी हानी ती आहे. मोदकाचेही फार निराळे नाही. तांदळाची पिठी, नारळ आणि गूळ हे सणाचे उत्तम अन्न खरे, पण त्यात प्रथिने बेताचीच. आणि गुळातील लोहाची थोरवी आपण जरा अधिकच गातो.

वरणफळांची गोष्ट निराळी. गव्हाच्या प्रथिनांत लायसीन कमी असते, ते तुरीच्या डाळीत विपुल असते. डाळीत मेथिओनीन कमी, ते धान्य पुरविते. एकमेकांची उणीव अशी एकाच पातेल्यात भरून निघते. साठ ग्रॅम कणीक आणि तीस ग्रॅम डाळ घेतली, तर सुमारे १३ ग्रॅम प्रथिने होतात. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलासाठी १२ ग्रॅम प्रथिने व ४५० उष्मांक असे प्रमाण धरलेले आहे. उष्मांक येथे कमी पडतात. ते चमचाभर तेलाची फोडणी व मूठभर शेंगदाणे यांनी बरेचसे भरून निघतात. हे गणित चौथीच्या वर्गास घालण्याजोगे आहे.

कांदिवलीच्या वर्गात हा पदार्थ नव्याने शिकवावाही लागत नाही. गुजराती मुलाच्या घरी ती दाळढोकळी, बिहारकडील मुलाच्या घरी ‘दाल की दुल्हन’. विदर्भ-खानदेशातून आलेल्यांच्या घरी वरणफळे आहेतच. मुलांनाच विचारावे, फळा भरून जाईल. पहाटेच्या गाडीने कामावर जाणाऱ्या आईसही हे सोयीचे, कारण पोळ्या लाटून भाजण्याचा वेळ वाचतो. पालकसभेत ‘मोमो बंद करा’ असे सांगण्यापेक्षा हे सांगणे अधिक उपयोगी. मुलाचा हट्टच असेल तर मोमोही घरी करावेत. कणकेची पारी आणि आत मोडाचे वाफवलेले मूग अथवा पनीर.

कृतीविषयी दोनच सूचना. वरण पातळ ठेवावे आणि फळे पातळ लाटावीत. जाड राहिली तर मधोमध कच्ची राहतात. वाढताना वरून लिंबू पिळावे, कारण क-जीवनसत्त्वामुळे डाळीतील लोह अंगी लागण्यास मदत होते. आणि जेवणावर लगेच चहा देऊ नये, तो याच्या उलट काम करतो.